सात झाडांची रेंज

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी परसात मिरीच्या वेलाला आधार देत होतो. "जंगलात छत्तीस वर्षं नोकरी केलीत, काहीतरी लिहा की," ते म्हणाले. काय लिहू, म्हणून विचारलं तर म्हणाले, "वाघ. आणि जमलं तर किंग कोब्रा." आता खरं सांगायचं तर छत्तीस वर्षांत वाघ मला एकदाच दिसला, तोही पाठमोरा. तो त्याच्या वाटेने निघाला होता, मी माझ्या वाटेने निघालो, आणि त्या दिवशी माझा वेग त्याच्यापेक्षा जास्त होता. एवढ्यावर दोन पानंसुद्धा भरायची नाहीत. तेव्हा वाघाची हौस असणाऱ्यांनी पुढच्या लेखाकडे वळावं. मी लिहिणार आहे ते 'रेंज' या एका इंग्रजी शब्दाबद्दल. आमच्या जोयडा तालुक्यात या शब्दाने जेवढी माणसं हैराण केली तेवढी वाघाने नक्कीच केलेली नाहीत, आणि हैराण करणाऱ्यांत मीही एक होतो.

मी मूळचा रामनगरचा. आजोबा खानापूरकडून आलेले, घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि भांडणात जी आधी आठवेल ती. मॅट्रिक होऊन गार्ड म्हणून लागलो आणि गार्ड म्हणूनच उतरलो. मधे फॉरेस्टर व्हायची एक संधी आली होती, तिचं काय झालं ते पुढे येईलच.

बाहेरच्या माणसाला आमची उतरंड समजावून सांगतो. जंगलाचे मोठे तुकडे असतात, त्यांचे लहान तुकडे, त्यांचे आणखी लहान. त्यातल्या एका तुकड्याला म्हणतात रेंज. तिचा मालक रेंजर, म्हणजे आमचा साहेब. रेंजचे सेक्शन पडतात, सेक्शनच्या बीट पडतात, आणि बीटवर पडतो तो गार्ड. गार्डच्या खाली फक्त रोजंदारीवरचा वॉचर आणि जमीन. रोज सकाळी काठी घेऊन निघायचं, हद्दीचे दगड जागेवर आहेत का बघायचं, कुठे नवा बुंधा दिसला तर तो मोजून डायरीत लिहायचा. झाड उभं असताना त्याची दखल कोणी घेत नाही. ते पडलं की त्याचा घेर, लांबी, जात, कापणाऱ्याचं नाव, सगळं तीन प्रतींत लिहावं लागतं. माणसांचंही बहुधा असंच असतं.

नोकरीच्या पहिल्या दिवशी कचेरीवरची पाटी वाचून मी साहेबांना विचारलं, "सर, रेंज म्हणजे काय?" ते धारवाडकडचे, मिशीला पीळ देणारे गृहस्थ होते. खिडकीतून बाहेर डोंगराकडे बोट करून म्हणाले, "माझा शब्द जिथवर चालतो तिथवर रेंज." आणि लगेच चहा आणायला म्हणून कोणाला तरी हाक मारली. तीन हाका मारल्या, कोणी आलं नाही. शेवटी चहा मीच आणला.

पण मला ते उत्तर पुरलं नाही. बेळगावात जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक जाडजूड शब्दकोश मिळाला, पुठ्ठा नसलेला, पण 'आर' अक्षराची पानं शाबूत होती. तो उघडला आणि चक्रावून गेलो. एका शब्दाला दीड रकाना! रेंज म्हणजे डोंगराची रांग. रेंज म्हणजे गोळी जिथवर जाते ते अंतर. रेंज म्हणजे गोळीबार शिकायचं मैदान. गुरं मोकळी चरतात ते रान म्हणजे रेंज, आणि चार तोंडांची मोठी चूल म्हणजेसुद्धा रेंज. कमीत कमी ते जास्तीत जास्त, हीही रेंज. मोकळं भटकणं म्हणजे रेंज, आणि गंमत बघा, सगळ्यांत आधी दिलेला अर्थ काय, तर ओळ. जुन्या फ्रेंच भाषेत शिपायांना उभं करायचे ती ओळ. म्हणजे ओळीत गप्प उभं राहणंही तेच आणि वाटेल तिथे हिंडणंही तेच. मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं तर ती म्हणाली, "साहेब लोक हिंडत्यात आणि तुमी वळीत हुभं ऱ्हाताय, त्यात शब्दकोशात काय बघायचं?"

कोशाच्या अगदी शेवटी बारीक अक्षरांत शब्दाचं कूळ दिलं होतं. त्या फ्रेंच ओळीच्याही मागे गेलं तर म्हणे कुठल्याशा जुन्या जर्मन टोळ्यांच्या बोलीतला एक शब्द सापडतो, त्याचा अर्थ गोल जमलेली माणसं. त्याचं आपल्या रिंगणाशी काही नातं आहे की नाही ते मला ठाऊक नाही, आणि उगाच सोयरिकी जुळवायला मी काही मध्यस्थ नव्हे. पण वाचताना मला आपल्या रानातल्या वाड्यांचा मांड आठवला. शिमग्याला, दसऱ्याला सगळी घरं जिथे गोल बसतात ती जागा. मी पेन्सिलीने तिथे खूण केली आणि कोश बंद केला. ती खूण लवकर आठवली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पुढे मोबाईल आले आणि रेंजचा नवा अर्थ आला, जो माझ्या कोशात नव्हता. बाजारकुणंगपासून दिग्गीपर्यंत जो भेटेल तो एकच विचारी, "गार्डसाब, रेंज कुठं मिळती?" बेंगळूरचे पर्यटक यायचे, हात वर करून नदीच्या पात्रात गोल गोल फिरायचे. एकाने मला तक्रारीच्या सुरात विचारलं, "इथे रेंज नाही का?" मी पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "आहे की, तुम्ही तिच्यात उभे आहात." तो काही हसला नाही. त्याने रिसॉर्टच्या वहीत माझ्याविरुद्ध अभिप्राय लिहिला.

पंचायतीने टॉवर मागितला होता. फाईल आमच्याकडे हरकत आहे का विचारायला आली, आमच्याकडून वर गेली, वरून विचारणा आली की टॉवरच्या दिव्याने वन्य प्राण्यांच्या झोपेवर काय परिणाम होईल. त्याचा अहवाल गार्डने द्यायचा होता. मी लिहिलं की माझ्या बीटमधले प्राणी दिवसा झोपतात. ते उत्तर 'असमाधानकारक' असा शेरा घेऊन परत आलं, आणि टॉवर आणखी काही वर्षं लांबला.

आता मुख्य गोष्ट. दिग्गीच्या वाटेवर आत एक वाडी आहे. तिचं खरं नाव सांगत नाही, चाफेदांड म्हणू. सात घरं, सगळे रानातच पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे लोक. भात लावायचं, कंद काढायचे, मध काढायचा. त्यांची एक रीत सांगायला हवी. रानात कोणाला मधाचं पोळं दिसलं किंवा कंदाची चांगली जागा सापडली, तर तो शेजारच्या झाडाला छातीएवढ्या उंचीवर पानांची एक डहाळी वेलाने बांधून ठेवतो. म्हणजे ही जागा कोणाची तरी आहे. मग दुसरा कोणी तिला हात लावत नाही, मालक चार दिवस आला नाही तरी. पण डहाळी वाळून गळली की हक्क संपला. जागा हवी असेल तर जाऊन नवी बांधायची. ना कागद, ना शिक्का, आणि या रीतीवरून भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही.

ही रीत मला चांगली माहीत होती. तरी त्या वर्षी एक परिपत्रक आलं. कुठल्यातरी लांबच्या जंगलात लाकूडचोरांनी कापायच्या झाडांना डहाळ्या बांधून ठेवल्या होत्या, तेव्हा सर्व गार्डांनी अशा खुणांवर कडक नजर ठेवावी. परिपत्रकाखाली सही घेतली गेली. मग एके दिवशी चाफेदांडच्या वरच्या डोंगरधारेवर मला सात झाडं दिसली. सरळ, भरल्या घेराची सागाची आणि ऐनाची झाडं, एका ओळीत, आणि प्रत्येकाला डहाळी. वर बघितलं, पोळं नाही. खाली बघितलं, कंदाचा वेल नाही.  सात साग-ऐन एका फटक्यात वाचवले तर फॉरेस्टरच्या यादीत नाव पक्कं, हेही मनात आलं. खोटं कशाला बोलू?

वॉचरला घेऊन मंगळवारी दुपारपासून मी झुडपामागे बसलो. दिवस कलता एक माणूस वर आला. सोमा. वयाने माझ्याएवढा, त्याच्या हातचे उकडलेले कंद मी कितीदा तरी खाल्लेले. कमरेच्या आकडीत कोयता. तो तिसऱ्या झाडाखाली जाऊन उभा राहिला, खिशातून बटणांचा फोन काढला आणि खालच्या आवाजात बोलायला लागणार एवढ्यात मी शिट्टी फुंकली.

"झाडं कुणी बांधली?" मी विचारलं.

"आमीच, गार्डसाब," सोमा म्हणाला. पळाला नाही, घाबरलाही नाही. "सात घरं, सात झाडं. हितं रेंज येती न्हवं? दोन डोंगराच्या मदनं येती, ह्या वळीतच येती, हातभर हिकडं न्हाई की तिकडं न्हाई. पोरीला फोन कराया आलतो."

कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. मी मात्र शब्दकोश वाचलेला माणूस. "मला रेंज शिकवतोस?" मी म्हणालो. "सोळा अर्थ ठाऊक आहेत मला."

"आमास्नी येकच ठावं हाय," तो म्हणाला.

प्रत्येक चोराला फोन करायला एक मुलगी असतेच, असं मी वॉचरला ऐकवलं आणि गुन्हा लिहिला. 'झाडे आम्हीच बांधली' हा कबुलीजबाब त्याच्याच शब्दांत. कोयता आणि फोन जप्त. सोमाला जामिनावर सोडलं, पण बोलावू तेव्हा हजर राहायचं. बातमी वाडीत पोचली आणि सातही घरांनी त्या धारेवर पाय ठेवायचं बंद केलं. इतर घरांचे सहा फोन होते, ते बिचारे चुलीवरच्या फळीवर नुसते पडून राहिले.

जप्तीचा माल ठेवायची आमची पद्धत मोठी शिस्तीची. फोन पांढऱ्या कापडात गुंडाळायचा, सुतळीने शिवायचा, गाठीवर लाख वितळवून शिक्का मारायचा, वर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी डकवायची. मग कचेरीच्या लोखंडी कपाटात. कोर्टाच्या हुकमाशिवाय त्या शिक्क्याला ब्रह्मदेवानेही हात लावायचा नाही.

एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आली नव्हती. आमच्या कचेरीत भरपूर रेंज होती.

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला कपाट वाजलं. कसलीशी भक्तिगीताची चाल, कापडातून येणारी, दबलेली. सगळे कपाटाकडे बघत राहिले. आमचे हेडक्लार्क, फार काटेकोर मनुष्य, चष्मा वर करून म्हणाले, "मुद्देमाल वाजतोय." साहेब तेव्हा नवे होते, परीक्षा देऊन आलेले तरुण, कायद्याला पक्के. ते म्हणाले, "वाजू दे. हात लावायचा नाही." हेडक्लार्कनी विचारलं, याची नोंद कुठे करायची, कारण रजिस्टरात मुद्देमालाचं वर्णन, वजन आणि स्थिती असे रकाने आहेत, आवाजाचा नाही. साहेबांनी विचार करून सांगितलं, "स्थितीमध्ये लिहा. चालू."

गुरुवारी साडेसहाला पुन्हा वाजलं. शुक्रवारी दुपारी दोनदा, मग चारला, मग पाचच्या थोडं आधी, लागोपाठ. पाचनंतर एकदम थांबलं. मी समोरच्या बाकावर बसून डायरी लिहीत होतो. चार वेळा पेन खाली ठेवलं आणि चार वेळा उचललं. कोण फोन करतंय हे मला ठाऊक होतं, आणि का करत असेल हे विचारायची माझी छाती होत नव्हती. शिक्का, कोर्ट, साहेब, यादी, सगळी कारणं मी स्वतःलाच सांगितली. आज ती कारणं आठवली की लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

शनिवारी साहेब बेळगावला गेले होते, हेडक्लार्क जेवायला. कपाट वाजलं. किल्ली माझ्याकडे होती. मी तो गठ्ठा बाहेर काढला, हातात धरला, आणि तेव्हा बोटांना कापडाखालची बटणं लागली. जुना फोन, उंच बटणांचा. शिक्का न तोडता मी वरूनच डावीकडचं बटण दाबलं.

"बाबा?" कापडातून आवाज आला. "बाबा, कुठं हाईस रं? चार दिस फोन करून दमले मी."

 "बाबा न्हाई," मी कसंबसं म्हणालो. "मी गार्ड बोलतोय. रामनगरचा."

ती घाबरली. "काय झालं बाबास? जनावर बिनावर..."

"काय न्हाई झालं. बरा हाय. फोन तेवढा आमच्याकडं हाय." चुकीने तो आमच्याकडे आहे, एवढं म्हणायचंसुद्धा मला सुचलं नाही. "तुझं काय काम होतं, शेवंता? मी सांगतो त्याला."

शेवंता ही सोमाची थोरली मुलगी. जोयड्याला हॉस्टेलवर राहून बारावी झालेली, त्या वाडीतून तेवढं शिकलेली पहिलीच. तिचं नाव बेळगावच्या नर्सिंगच्या यादीत लागलं होतं. बापाने स्वतः येऊन सही करायची होती, तरच जागा.

"मग उद्याच पाठवतो त्याला," मी म्हणालो. "तारीख कधीची?"

"काल व्हती," ती म्हणाली. "पाच वाजंस्तवर."

मी गठ्ठा कानाला आणखी घट्ट धरला. तीच मग म्हणाली, "आजचा फोन आपला सवयीनं केला. गार्डमामा, तुमी नका सांगू बाबास. त्यो सोताला दोस लावून घील. मी घरला आले की सांगीन." आणि फोन ठेवला.

मामा म्हणाली. गुन्हा कोणी लिहिला हे तिला तोवर माहीत नव्हतं.

रविवारी मी चाफेदांडला चालत गेलो. ती नको म्हणाली होती, पण ही गोष्ट तिने सांगायची नव्हती, मी सांगायची होती. सोमा अंगणात सूप विणत बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्याचे हात थांबले.  मग त्याने एकच विचारलं, "रडत व्हती काय?"

"नाही."

"मग बरं," तो म्हणाला, आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणि गूळ घेऊन आला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मला तो गूळ गिळता आला असता.

नंतर तोच मला धारेवर घेऊन गेला. डहाळ्या वाळायला लागल्या होत्या, नव्या बांधायची कोणाची हिंमत झाली नव्हती. त्याने एकेक झाड दाखवलं. हे जानूचं, त्याचा मुलगा गोव्यात हॉटेलात आहे. हे म्हातारीचं, तिची लेक नंदिगड्ड्याला दिलेली. हे बुदवंताचं, म्हणजे वाडीच्या प्रमुखाचं. रविवारी सगळे वर येतात आणि ज्याच्या त्याच्या झाडाखाली उभे राहतात, एकाच्या घरचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर पडू नये म्हणून. "मांडावर समदं बोलायचं असतंय," सोमा म्हणाला. "हितं ज्याचं त्यानं." मी त्या ओळीकडे बघत उभा राहिलो. कोशातला पहिला अर्थ माझ्यासमोर मुळं रोवून उभा होता, आणि शेवटचा, तो गोल बसलेल्या माणसांचा, खाली सात घरांत राहत होता. मधले सगळे अर्थ पाठ करून मी या दोघांवर गुन्हा दाखल केला होता.

सोमवारी साहेबांना सांगितलं की केस मागे घ्या. साहेब म्हणाले, केस मागे घ्यायला कारण लागतं. मी म्हटलं, माझी चूक हे कारण. त्यांनी बराच वेळ नियम चाळले आणि सांगितलं की गार्डच्या चुकीचा छापील नमुना उपलब्ध नाही, साध्या कागदावर लिहून द्या. मी लिहून दिलं. सहा ओळी. सगळ्या नोकरीत मला खाडाखोड न करता लिहिता आलं ते तेवढंच एक.

मग मुद्देमाल परत करायचा म्हणून हेडक्लार्कनी शिक्का तपासला. लाख अखंड, गाठ अखंड, सह्या जागच्या जागी. समाधानाने मान हलवून त्यांनी कापड उसवलं, फोनवरची नोंद बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. शनिवारी दुपारी एक कॉल, घेतलेला. बोलणं झालेलं. "कपाटात असताना?" ते म्हणाले. "शिक्क्यात असताना?" दोन दिवस त्या माणसाला जेवण गेलं नसावं. शेवटी मीच जाऊन सांगितलं आणि माझ्या कागदाला सातवी ओळ जोडली. ते म्हणाले, "बरं केलंत हो. मी लिहिणार होतो, मुद्देमालाने स्वतः फोन उचलला."

मला मेमो मिळाला. फॉरेस्टरच्या यादीत नाव आलं नाही, पुढच्या यादीतही नाही. त्याची हळहळ मला कधी वाटली नाही असं म्हणालो तर लोक मला साधू समजतील. वाटली, चांगली वाटली. माझ्या हाताखाली चालायला शिकलेली पोरं फॉरेस्टर होऊन मला हुकूम सोडायला लागली तेव्हा फारच वाटली. बायको मात्र म्हणाली, "डिक्शनरी वाचून कोण फॉरेस्टर झालाय? जेवाया बसा."

फोन द्यायला मी परत वाडीवर गेलो तेव्हा सोमा धारेवर होता, तिथेच जावं लागलं. सातही झाडांना हिरव्या डहाळ्या होत्या. ओळीच्या टोकाला एका ऐनाला आठवी होती. मी विचारलं, आता वाडीत आठवं घर कोणाचं?

"तुमचं," तो म्हणाला. "रामनगरला घर हाय न्हवं तुमास्नी? बीटवर आला की लावत जावा फोन. वैनी वाट बगत असतील."

 त्या झाडाखाली जाऊन घरी फोन लावला. बायकोने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत त्या बाजूला गेलो की तिथूनच फोन लावायचो. डहाळी वाळलेली मला कधी दिसली नाही.

शेवंताला पुढच्या वर्षी पुन्हा जागा मिळाली. मधलं एक वर्ष तिने एका रिसॉर्टमध्ये चादरी धुतल्या. पर्यटक तिथे रेंज नाही म्हणून वहीत तक्रारी लिहीत असणार. आता ती तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. गेल्या वर्षी माझं रक्त तपासलं, कागदावर आकडे आले, शेजारी छापलेलं की इतके ते इतके असावेत, त्याही रकान्याचं नाव रेंज. तिने कागद बघून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गार्डमामा, साखर रेंजच्या भाईर गेलीया. गूळ बंद." गूळ म्हणताच मला तिच्या बापाचं अंगण आठवलं. तिला ते वर्ष मी परत देऊ शकत नाही, हे मी तिला एकदा बोलून दाखवलं होतं. ती म्हणाली होती, "व्हय, न्हाई येत देता." खोटा दिलासा देणाऱ्यांतली ती नाही, आणि मला ते बरं वाटलं.

टॉवर आता आला आहे, रस्त्याच्या कडेला, दिव्यासकट. वीज असेल तेव्हा चालतो. वाडीतल्या पोरांना अंगणातच रेंज मिळते, धारेवर चढायची गरज उरली नाही. सोमा दोन वर्षांपूर्वी गेला. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात नव्या गार्डबरोबर सहज म्हणून वर गेलो. पोरगा हुशार आहे, फोनमध्येच नकाशा बघतो. धारेवर पोचलो तसा तो थबकला आणि हळूच म्हणाला, "सर, हे काय? आठ झाडांना खुणा केल्यात कोणीतरी. गुन्हा लिहू?"

मी त्याला खाली बसवलं आणि आत्ता तुम्हाला सांगितली तेवढीच गोष्ट सांगितली. मग उठून ओळीच्या टोकापर्यंत गेलो. रानात डहाळी आठवडाभरात वाळते. माझ्या झाडाची हिरवी होती.